बुडालेली जहाजे : इतिहासाचे साधन आणि उत्खननाची शिस्त

प्रस्तावना :
ताम्रपट, शिलालेख व दप्तरे ही इतिहासाची मान्य साधने होत. मात्र मालाची ने-आण करणाऱ्यांची नोंद त्यांत क्वचितच आढळते. ही उणीव बुडालेल्या जहाजांचे अवशेष काही अंशी भरून काढतात. वसाहतीच्या थरांत अनेक पिढ्यांच्या वस्तू साचतात. जहाज मात्र एकाच प्रवासातील मालासह बुडते. प्रस्तुत लेखात दोन उदाहरणांच्या आधारे या साधनाचे स्वरूप तपासले आहे.

उलुबुरून :
तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर १९८२ मध्ये एका स्पंजवेचकाला हे अवशेष दिसले. १९८४ ते १९९४ या काळात जॉर्ज बास व जेमाल पुलाक यांच्या नेतृत्वाखाली त्यांचे उत्खनन झाले. त्यासाठी पाणबुड्यांनी २२ हजारांहून अधिक वेळा बुडी मारली. इ. स. पू. चौदाव्या शतकाच्या अखेरच्या या जहाजात सुमारे १० टन तांबे व १ टन कथिल होते. कांसे तयार करण्यासाठी साधारणतः हेच प्रमाण लागते. सायप्रसचे तांबे, कनानी कुंभ, मायसिनी मृत्पात्रे, आफ्रिकी काळे लाकूड आणि इजिप्तची राणी नेफर्तिती हिच्या नावाची सुवर्णमुद्रा एकाच जहाजात सापडल्याने कांस्ययुगीन राज्यांचे परस्परावलंबन स्पष्ट झाले. अमर्ना पत्रांतील राजांच्या तांब्याच्या भेटींनाही त्यामुळे भौतिक पुराव्याची जोड मिळाली.

बेलितुंग :
इंडोनेशियातील बेलितुंग बेटाजवळ १९९८ मध्ये नवव्या शतकातील जहाज सापडले. त्याच्या फळ्या खिळ्यांनी नव्हे, तर दोरीने शिवलेल्या होत्या. ही पश्चिम हिंदी महासागरातील बांधणी होय. त्यात सुमारे ६० हजार चिनी मृत्पात्रे होती. त्यांतील एका वाडग्यावर इ. स. ८२६ शी जुळणारी तिथी आहे. चीन व पश्चिम आशिया यांच्यातील थेट सागरी व्यापाराचा हा महत्त्वाचा पुरावा ठरला.
तथापि हे काम एका व्यापारी कंपनीने केले. पुरातत्त्वज्ञांच्या आक्षेपांमुळे २०११ मध्ये वॉशिंग्टन येथील नियोजित प्रदर्शन पुढे ढकलण्यात आले. विलंब झाला असता तर स्थळ लुटले गेले असते, हा कंपनीच्या समर्थकांचा युक्तिवाद निराधार नव्हता. परंतु कोणती वस्तू कोठे व कशाशेजारी होती, याची काटेकोर नोंद राहिली नाही, तर मौल्यवान वस्तू उरते आणि तिचा इतिहास हरवतो.

निष्कर्ष :
युनेस्कोच्या २००१ च्या करारनाम्याने जलमग्न वारशाच्या व्यापारी वापरास मनाई केली. त्यामागील तत्त्व हेच आहे. उत्खनन ही एकदाच करता येणारी क्रिया असल्याने बुडालेले जहाज किती इतिहास सांगेल, हे त्यातील मालाइतकेच उत्खननाच्या शिस्तीवर अवलंबून असते.