क्ष-किरण विवर्तनाने प्रतिबलमापन व संरचना-परीक्षण

स्फटिकी पदार्थातील अणूंच्या समांतर प्रतलांमधील अंतर क्ष-किरणांच्या साहाय्याने मोजून त्या पदार्थाची अंतर्रचना आणि त्यात साठून राहिलेले प्रतिबल (एकक क्षेत्रफळावरील अंतर्गत प्रेरणा) निश्चित करण्याची पद्धती. या पद्धतीत वस्तू कापावी वा तोडावी लागत नाही. पदार्थातील स्फटिकच मोजपट्टीचे काम करतात.

अवशिष्ट प्रतिबल : बाह्य भार काढून घेतल्यावरही पदार्थात शिल्लक राहणाऱ्या प्रतिबलास अवशिष्ट प्रतिबल म्हणतात. तापविलेला धातूचा ठोकळा एकदम थंड केल्यास पृष्ठभाग आधी आकसतो व गाभा नंतर. नंतर आकसणारा गाभा पृष्ठभागास आत ओढतो. त्यामुळे सामान्यतः पृष्ठभागावर संपीडन व गाभ्यात ताण उत्पन्न होतो. वितळजोडकाम, शाणन, लाटण आणि थंड स्थितीतील ओढकाम यांमुळेही अशी प्रतिबले निर्माण होतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत. पण वस्तूवर येणाऱ्या भारात त्यांची भर पडते. शिणवट्याने पडणारी चीर बहुधा पृष्ठभागापासून सुरू होते. म्हणून पृष्ठभागावरील ताण वस्तूचे आयुष्य कमी करतो, तर तेथील संपीडन ते वाढविते.

याचे एक जुने उदाहरण भारतातील आहे. ब्रिटिश फौजेची काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यांत साठवून ठेवीत. त्यांच्या पितळी पुंगळ्यांना कोणताही भार नसताना चिरा पडत. एच. मूर, एस. बेकिन्सेल व सी. ई. मॅलिन्सन यांनी १९२१ मध्ये याचा उलगडा केला. थंड स्थितीत ओढून घडविलेल्या पितळेत ताण शिल्लक होता आणि घोड्यांच्या मूत्रापासून निर्माण होणाऱ्या अमोनियाने त्या ताणाखालील धातूवर क्रिया केली होती. घडविलेल्या पुंगळ्या मंद आचेवर तापविल्यास ताण उतरतो व हा दोष टळतो.

तत्त्व : व्हिल्हेल्म राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध १८९५ मध्ये लावला. म्यूनिक येथे १९१२ मध्ये माक्स फोन लौए यांच्या कल्पनेनुसार व्हाल्टर फ्रीड्रिख व पाउल क्निपिंग यांनी हे किरण मोरचुदाच्या स्फटिकातून पाठविले, तेव्हा छायाचित्रण काचेवर ठिपक्यांची आकृती उमटली. त्याच वर्षी विल्यम लॉरेन्स ब्रॅग यांनी तिचे सोपे स्पष्टीकरण दिले. लगतच्या प्रतलांवरून परावर्तित झालेल्या किरणांच्या मार्गांतील फरक तरंगलांबीच्या पूर्णांक पटीइतका असेल, तरच ते एकमेकांस बळकटी देतात. हा फरक प्रतलांतराची दुप्पट आणि किरण व प्रतल यांमधील कोनाची साइन (त्रिकोणमितीय ज्या) यांच्या गुणाकाराइतका असतो. म्हणून तरंगलांबी माहीत असल्यास कोन मोजून प्रतलांतर काढता येते. या कार्याबद्दल लौए यांना १९१४ चे व ब्रॅग पितापुत्रांना १९१५ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. पेटर डेबाय व पाउल शेरर यांनी १९१६ मध्ये चूर्णपद्धती प्रचारात आणली. तीमुळे असंख्य बारीक स्फटिककणांनी बनलेल्या सामान्य धातूंचे परीक्षण सुलभ झाले.

प्रतिबलाचे मापन : प्रतिबलाखाली प्रतलांतर किंचित बदलते व त्याबरोबर विवर्तित शलाकेची दिशाही बदलते. हा बदल फार सूक्ष्म असतो. पोलादास एकाच दिशेने २०० मेगॅपास्कल ताण दिल्यास त्या दिशेतील लांबी केवळ हजारांशाने वाढते. ब्रॅग कोन २०° असल्यास प्रतलांतरातील एवढ्या बदलाने शलाका सु. ०.०४° सरकते, तोच कोन ७८° असल्यास ती सु. ०.५५° सरकते. म्हणून मोजणीसाठी मोठा कोन निवडतात. पोलादाकरिता बहुधा क्रोमियमचे सु. २.२९ अँग्स्ट्रॉम तरंगलांबीचे किरण वापरतात (१ अँग्स्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). लोहाच्या १.१७ अँग्स्ट्रॉम अंतरावरील प्रतलांपासून त्यांचे विवर्तन मूळ दिशेशी सु. १५६° कोनात होते.

पृष्ठभागाला समांतर ताण असल्यास पृष्ठभागाशी समांतर असलेली प्रतले जवळ येतात, तर पुरेशी तिरकस असलेली प्रतले दूर जातात. म्हणून नमुना वेगवेगळ्या कोनांतून कलवून प्रतलांतर मोजतात आणि ते कलकोनाच्या साइनच्या वर्गासमोर आलेखित करतात. सामान्यतः सरळ रेषा मिळते. ती चढती असल्यास ताण व उतरती असल्यास संपीडन असते. तिचा उतार, यंग गुणांक व प्वासाँ गुणोत्तर यांवरून प्रतिबलाचे मूल्य काढतात. ई. माखेराउख व पी. म्यूलर यांनी १९६१ मध्ये या पद्धतीस व्यवस्थित रूप दिले. प्रतिबलरहित नमुन्यातील प्रतलांतर अचूक माहीत असण्याची तीत गरज नसते, हा तिचा मोठा लाभ होय.

संरचनेचे परीक्षण : शलाकेचे स्थान जसे प्रतिबल सांगते, तसा तिचा आकार स्फटिककणांची स्थिती सांगतो. कण अतिसूक्ष्म असल्यास शलाका रुंदावते. शेरर यांनी १९१८ मध्ये कणाचा आकार व ही रुंदी यांचा संबंध मांडला. कणाकणांतील असमान विकृतीमुळेही रुंदी वाढते. मात्र या दोन कारणांनी येणारी रुंदी कोनानुसार निरनिराळ्या प्रमाणात बदलते. त्याचा उपयोग करून जी. के. विल्यमसन व डब्ल्यू. एच. हॉल यांनी १९५३ मध्ये ती वेगळी करण्याची रीत दिली. छायाचित्रातील वलय अखंड असल्यास कण बारीक व ठिपक्यांचे असल्यास भरड असतात. वलयाची तीव्रता जागोजागी असमान असल्यास कण एखाद्या दिशेस विशेष वळलेले आहेत, असे समजतात. लाटलेल्या पत्र्यांत हे आढळते.

मर्यादा : क्रोमियमचे क्ष-किरण पोलादात सु. ५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाइतकेच खोल जातात. आतील प्रतिबल पाहण्यासाठी विद्युत् रासायनिक क्रियेने एकेक थर काढून पुन्हा मोजणी करावी लागते, तेव्हा मात्र वस्तू अबाधित राहत नाही. अशा वेळी पोलादात काही सेंमी. खोल जाणारे न्यूट्रॉन किंवा सिंक्रोट्रॉनमधील अधिक ऊर्जेचे क्ष-किरण उपयोगी पडतात. इंदूर येथील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर क्ष-किरण विवर्तनाची सोय आहे. याशिवाय भरड कण अथवा कणांची विशेष दिशाप्रवणता असल्यास आलेख सरळ येत नाही व अर्थ लावताना सावधगिरी बाळगावी लागते. काच वा बहुतेक रबरे यांसारख्या अस्फटिकी पदार्थांस ही पद्धती लागू पडत नाही.

उपयोग : दंतचक्रे, कमानी (स्प्रिंगा), धारवे (बेअरिंगे) व विमानांच्या एंजिनांचे भाग यांच्या पृष्ठभागावर छर्ऱ्यांचा मारा करून मुद्दाम संपीडन निर्माण करतात, ते अपेक्षेइतके आले की नाही, याची खात्री या पद्धतीने करून घेतात. शाणनाच्या अतिउष्णतेने निर्माण झालेला घातक ताण आणि वितळजोडाच्या आसपासचा ताण यांचाही शोध घेता येतो. वाहून नेता येण्याजोगी उपकरणे उपलब्ध असल्याने पूल, नळ व मोठी यंत्रे यांची तपासणी जागेवरच करता येते. भार नसतानाही वस्तूच्या पृष्ठभागात कोणता ताण दडला आहे, हे चीर पडण्यापूर्वी कळणे, हे या पद्धतीचे खरे महत्त्व आहे.