गर्भाच्या फुप्फुसांची परिपक्वता आणि संप्रेरके

सातव्या महिन्याचे मूल जगते, आठव्याचे जगत नाही, ही समजूत कोकणात सर्वत्र आहे, तशीच चौल-रेवदंडा परिसरातही आहे. तिला आपल्या संहितांचा आधार सांगितला जातो. आठव्या मासात ओज अस्थिर असते, म्हणून त्या मासात जन्मलेले बालक जगत नाही, असे शारीरस्थानात चरक व सुश्रुत दोघेही म्हणतात. (प्राचीन ग्रीक वैद्यकातही हीच धारणा होती.) सर्व अंगे व्यक्त झाली तरी गर्भ जन्मास सिद्ध असतोच असे नाही, हा त्यातील गाभा आम्हांस मोलाचा वाटतो. परंतु सातव्यापेक्षा आठवा घातक, हा लौकिक निष्कर्ष टिकत नाही. अकाली प्रसूतीचा धोका असता गर्भाशयात लाभलेला एकेक आठवडा सामान्यतः बालकाचे बळ वाढवितो.

हे बळ मुख्यतः फुप्फुसांचे. वायुकोशांच्या आतील पातळ द्रवाचा ताण त्यांना मिटवू पाहतो. हा ताण कमी करणारा स्निग्ध पदार्थ, म्हणजे सर्फॅक्टंट, सुमारे २४व्या आठवड्यापासून तयार होऊ लागतो व ३४-३५व्या आठवड्याच्या सुमारास पुरेसा होतो. तो नसला तर प्रत्येक श्वासागणिक वायुकोश मिटतात. बालक कण्हते, बरगड्या आत ओढल्या जातात. या विकाराचे कारण सर्फॅक्टंटचा अभाव आहे, हे १९५९ मध्ये एव्हरी व मीड यांनी दाखविले.

गर्भावस्थेच्या अखेरीस गर्भाच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल अधिक प्रमाणात स्रवतात आणि फुप्फुसे पक्व होतात. न्यूझीलंडमध्ये लिगिन्स मेंढ्यांची प्रसूती कशाने सुरू होते, याचा शोध घेत होते. संप्रेरक दिलेली कोकरे फार अकाली जन्मूनही श्वास घेतात, हे त्यांना अनपेक्षितपणे दिसले. पुढे हॉवी यांच्यासह २८२ मातांवर केलेला प्रयोग १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात श्वसनविकाराचे प्रमाण २५.८ टक्क्यांऐवजी ९ टक्के आढळले.

मातेचे कॉर्टिसॉल अपरा बहुतांशी निष्क्रिय करते; प्रेडनिसोलोनचेही तसेच होते. म्हणून अपरा ओलांडणारे डेक्सामेथासोन वा बीटामेथासोन वापरतात. भारत सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार २४ ते ३४ आठवड्यांत अकाली प्रसूतीची लक्षणे दिसल्यास डेक्सामेथासोन ६ मि.ग्रॅ. स्नायूतून, १२ तासांच्या अंतराने ४ वेळा द्यावयाचे असते. पुढे पाठविण्यापूर्वी पहिली मात्रा परिचारिकेनेही द्यावी, अशी त्यात तरतूद आहे.

मग सरसकट द्यावे काय? नाही. नागपूर व बेळगाव परिसराचाही समावेश असलेल्या सहा देशांतील मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. तेथे गावपातळीवर हे औषध पोहोचविले असता अतिलहान बालकांचे मृत्यू घटले नाहीत. उलट एकूण नवजात मृत्यू दर हजारी ३.५ ने वाढले आणि मातांमध्ये जंतुसंसर्गाचा संशय अधिक आढळला. औषध मिळालेल्या बहुतेकींची बालके मुळात तितकी लहान नव्हतीच. याउलट २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतासह पाच देशांतील २९ रुग्णालयांच्या चाचणीत सोनोग्राफीने दिवस निश्चित केले होते आणि नवजातांची शुश्रूषा उपलब्ध होती. तेथे नवजात मृत्यू २३.५ वरून १९.६ टक्क्यांवर आले. औषध तेच, भेद दिवसांच्या अचूकतेचा व नंतरच्या शुश्रूषेचा.

म्हणून चौलसारख्या ठिकाणी वैद्याचे काम बरेच आधी सुरू होते. मासानुमासिक परिचर्येसाठी येणाऱ्या गर्भिणीची शेवटच्या पाळीची तारीख पहिल्याच भेटीत लिहावी व लवकरची सोनोग्राफी करवून घ्यावी. पोट थांबून थांबून कडक होणे, कंबर भरून येणे, पाणी वा रक्त जाणे यांपैकी काही ३४ आठवड्यांपूर्वी दिसल्यास काढा देऊन वाट पाहू नये. 'स्टेरॉइड' या शब्दाविषयी आपल्या व्यवसायात असलेली अढी येथे अस्थानी आहे. औषधाचा पूर्ण लाभ मिळण्यास सुमारे एक दिवस लागतो, आणि पावसाळ्यात मांडव्याहून गेटवेची लाँच बंद असते. अलिबागचे जिल्हा रुग्णालय रस्त्याने जवळ आहे. तेथे तत्काळ पाठवावे. सोबतच्या चिठ्ठीवर गर्भाचे आठवडे, ज्वर वा दुर्गंधी स्राव, मधुमेह आणि इंजेक्शन दिले गेले असल्यास त्याची वेळ, एवढे तरी अवश्य लिहावे.