चढा भाव आणि पुढचा पेरा

बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई-केजकडचा शेतकरी मृगाच्या तोंडावर पेऱ्याचा विचार करू लागतो, तेव्हा त्याच्यासमोर येत्या दिवाळीचा नव्हे, गेल्या हंगामाचा भाव असतो. आणि निकोलस काल्डोर यांनी १९३४ साली ज्यास कोळ्याच्या जाळ्याचे नाव दिले, त्या चक्राचे मूळ नेमके इथेच आहे. भाव चढला की सर्वत्र पेरा वाढतो, सर्वांचा माल एकदम उतरतो आणि भाव कोसळतो.

२०२१ साली शेजारच्या लातूरच्या बाजारात सोयाबीन क्विंटलला १०,००० रुपयांच्या आसपास पोहोचले, तर २०२४ च्या सुगीत ४,८९२ रुपयांचा हमीभाव जाहीर असूनही खुल्या बाजारातील दर बहुतांशी त्याखालीच राहिला. याचे सारे खापर जाळ्यावर फोडणे मात्र अन्यायाचे होईल. सोयाबीनच्या दाण्यात तेल जेमतेम पाचवा हिस्सा. उरते ती पेंड, जिची मागणी कुक्कुटपालनावर आणि परदेशी पुरवठ्यावर अवलंबून. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने १२ लाख टन पेंडीच्या आयातीस मुभा दिली, आणि डिसेंबरात सेबीने सोयाबीनचे वायदेव्यवहार स्थगित केल्यामुळे पुढील भावाचा जो थोडाफार अदमास मिळत असे, तोही मिळेनासा झाला.

मग पडत्या भावात माल लगेच विकायचा नसेल, तर उरते ती वखार: पणन मंडळाच्या तारण योजनेत माल ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळते, अर्थात दाण्यातील ओलावा १२ टक्क्यांच्या आत असेल, तरच तो माल टिकतो.