उद्योगसाहाय्याचा व्यवसाय आणि आपली बांधिलकी

आपल्या चळवळीत शिक्षण, नोकरी, जमीन आणि साहित्य या विषयांवर जितकी चर्चा झाली, तितकी धंद्यावर झाली नाही. याची कारणे समजण्यासारखी आहेत. गावगाड्यात धंदा म्हणजे आपल्याला लुबाडणाऱ्याचे दुकान होते, सावकाराची वही होती. ज्याच्या हाती तराजू होता, तो आपला नव्हता. त्यामुळे धंदा या शब्दाबद्दलच आपल्या मनात अढी बसली आणि आपल्यातला जो कोणी धंद्यात शिरला, त्याच्याकडे ‘हा आता आपल्यातून गेला’ अशा नजरेने पाहिले गेले. परंतु शिकलेला तरुण आज ठेकेदाराच्या दारात रोजंदारीवर उभा आहे. अशा वेळी या अढीचा पुन्हा विचार करणे भाग आहे.

मी छत्रपती संभाजीनगरात एक छोटी कंपनी चालवतो. ती कोणतीही वस्तू तयार करीत नाही. दलित, आदिवासी, भटके-विमुक्त यांच्यातील जे लोक लहान उद्योग करतात किंवा करू पाहतात, त्यांची नोंदणी, हिशेब, कर्जाचे प्रस्ताव, निविदा आणि थकलेल्या बिलांचा पाठपुरावा, एवढेच तिचे काम. अशी कामे करून देणारी दुकाने कोणत्याही तहसील कचेरीसमोर सापडतील. मग त्या दुकानात आणि आमच्या कंपनीत फरक कोणता असावा? या प्रश्नाचे उत्तर अनुभवाच्या आधारे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आपल्या परंपरेला हा विषय परका नाही, हे आधी नमूद केले पाहिजे. महात्मा फुले स्वतः कंत्राटदार होते. ‘पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी’ या संस्थेतून त्यांनी बांधकामाची कामे केली. इंजिनियर खात्याच्या कारभारावर त्यांनी जे कठोर लिहिले, त्यामागे या व्यवहाराची प्रत्यक्ष ओळख होती. बाबासाहेबांची हकीकत तर माझ्या व्यवसायाला फार जवळची आहे. बडोद्याची नोकरी सोडून १९१७ साली ते मुंबईस परतले, तेव्हा त्यांनी शेअर-रोख्यांच्या व्यवहारात सल्ला देणारी एक पेढी काढली. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच लोकांनी येणे थांबवले आणि पेढी बंद पडली. पुढे नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेल्या माणसाचे ज्ञान बाजाराने ज्ञान म्हणून स्वीकारले नाही. बाजार जात पाहत नाही, तो फक्त नफा पाहतो, असे सांगणाऱ्या विद्वानांनी हा एक प्रसंग तरी समजावून सांगावा.

बाबासाहेब हे विसरले नाहीत. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सभासद असताना त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे एक निवेदन सरकारला सादर केले. त्यात नोकऱ्या आणि शिक्षण यांच्याबरोबर सरकारी कंत्राटांचाही प्रश्न होता. केंद्रीय बांधकाम खात्याच्या यादीतील १,१७१ कंत्राटदारांत अस्पृश्य समाजाचा केवळ एक आहे, हे त्यांनी त्यात दाखवून दिले. कंत्राटातील वाटा हा हक्काचा प्रश्न आहे, ही भूमिका इतकी जुनी आहे.

आता आजच्या परिस्थितीकडे वळू. वाळूजच्या परिसरात वेल्डिंग करणारा, लेथ चालवणारा, साचे बनवणारा आपला कारागीर कौशल्यात कोणाला हार जाणारा नाही. दहा-पंधरा वर्षे दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये काम करून त्याने यंत्र हातात मुरवलेले असते. त्याच्याकडे नसते ती दुसरीच गोष्ट. व्यापारी जातीतल्या मुलाला कोटेशन कसे लिहायचे, बँकेच्या साहेबाला कोणत्या वेळी भेटायचे, उधारी किती दिवसांची द्यायची, हे घरातच फुकट शिकायला मिळते. मामा सी.ए. असतो, काका पुरवठादार असतो, मेहुण्याची बँकेत ओळख असते. जामीनदार शोधावा लागत नाही, तो नात्यातच असतो. जात ही अशी पिढ्यान्‌पिढ्या साठवलेली पत आहे. आपल्या माणसाच्या मामाकडे हातोडा असतो, पण ताळेबंद नसतो. उद्योगसाहाय्याची संस्था ही त्या नसलेल्या नातेवाइकाची जागा भरून काढण्यासाठी असते. तिने काय करावे आणि काय करू नये, हे सारे यातून निघते.

प्रत्यक्ष कामाचे चार भाग पडतात. पहिला भाग नोंदणीचा. २०२० पासून लघुउद्योगांसाठी ‘उद्यम’ नोंदणी आली. तिच्यात मालकाचा सामाजिक प्रवर्ग नीट नोंदवलेला नसेल, तर पुढच्या सवलती हातातून जातात. आपल्या बौद्ध बांधवांच्या बाबतीत जास्त काळजी घ्यावी लागते. बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या. तरीही राज्याच्या नमुन्यातला दाखला केंद्राच्या कामाला चालेल या समजुतीत पुष्कळ लोक राहतात. आम्ही केंद्राच्या नमुन्यातला दाखला आधी काढून घ्यायला लावतो.

दुसरा भाग कर्जाचा. एप्रिल २०१६ मध्ये ‘स्टँड-अप इंडिया’ योजना आली. प्रत्येक बँक शाखेने किमान एका अनुसूचित जाती वा जमातीच्या आणि किमान एका महिला उद्योजकाला नव्या उद्योगासाठी १० लाख ते १ कोटी रुपयांपर्यंत कर्ज द्यावे, असे तिचे स्वरूप होते. ती मार्च २०२५ पर्यंतची होती. तिच्या काळात मी अनेक शाखांच्या पायऱ्या चढलो. योजना कागदावर तारणाची सक्ती करीत नव्हती, आणि शाखेत बसलेला माणूस मात्र पहिला प्रश्न घराच्या उताऱ्याचा विचारी. त्यावर आमचा उपाय साधा होता आणि आजही तोच आहे. अर्ज लेखी द्यायचा, पोच घ्यायची, नकारही लेखी मागायचा. तोंडी नकार देणे सोपे असते. लेखी कारण द्यायची वेळ आली की पुष्कळदा फाइल हलते.

तिसरा भाग निविदांचा, आणि माझ्या मते तो सर्वांत महत्त्वाचा. केंद्र सरकारच्या २०१२ च्या खरेदी धोरणानुसार केंद्रीय खाती व सार्वजनिक उपक्रम यांनी आपल्या वार्षिक खरेदीचा ठराविक भाग सूक्ष्म व लघुउद्योगांकडून घ्यायचा असतो. आरंभी तो २० टक्के होता, एप्रिल २०१९ पासून २५ टक्के झाला. त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या मालकीच्या उद्योगांसाठी आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांसाठी आहेत. अशा लघुउद्योगांना निविदेचे कागद विनामूल्य मिळतात, बयाणा रक्कम भरावी लागत नाही. लघुउद्योगाचा दर सर्वांत कमी दरापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत जास्त असेल, आणि तो सर्वांत कमी दर लघुउद्योगाबाहेरच्या कोणाचा असेल, तर त्या दराशी जुळवून घेऊन कामाचा एक भाग मिळवता येतो.

परंतु याच आदेशात एक कलम आहे, ते प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावे. अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांनी निविदेत भागच घेतला नाही किंवा ते अटींत बसले नाहीत, तर त्यांचे ४ टक्के इतर लघुउद्योगांकडून पूर्ण करून घेता येतात. नोकरीतल्या रिक्त राखीव जागेची निदान चर्चा तरी होते. येथे मात्र कोणी निविदा भरली नाही, तर वाटा निमूटपणे दुसऱ्याकडे जातो आणि त्याची कोठे बोंब होत नाही. हा हक्क मोर्चाने मिळवता येईल, पण टिकवायचा तर दर महिन्याला निविदा भरूनच टिकवावा लागेल. त्याला माणसे लागतात, संगणक लागतो, दर काढण्याची अक्कल लागते.

चौथा भाग वसुलीचा. लहान उद्योग बहुधा काम नसल्यामुळे बुडत नाही, केलेल्या कामाचे पैसे अडकल्यामुळे बुडतो. २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म व लघुउद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत, आणि करार नसेल तर १५ दिवसांच्या आत दिले पाहिजेत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल स्वीकारला असे कायदा धरतो. म्हणून आम्ही प्रत्येकाला एकच सवय लावतो: चलनावर गेटचा शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय टेम्पो परत आणायचा नाही. शिक्क्याचा तो तुकडा नसेल, तर सुविधा परिषदेपुढे दाद मागताना तारखेवरच वाद सुरू होतो.

आता पैशाचा प्रश्न. अशी कंपनी चालणार कशावर? कचेरीसमोरचा दलाल कर्जाच्या रकमेवर टक्केवारी घेतो. त्यामुळे कर्ज जितके मोठे तितका त्याचा फायदा, मग ते कर्ज त्या माणसाला झेपो वा न झेपो. आम्ही टक्केवारी घेत नाही. प्रत्येक कामाची फी ठरलेली आहे, ती भिंतीवर लावलेली आहे, आणि कर्ज नामंजूर झाले तरी आणि दुप्पट मंजूर झाले तरी ती तेवढीच राहते. ज्यांचा उद्योग बसला आहे ते पूर्ण फी देतात. त्यांच्या जोरावर नव्या माणसाचे काम अल्प फीत होते. नफ्याबाबत कायद्यात एक सोय आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली नोंदलेली कंपनी सभासदांना लाभांश वाटू शकत नाही, शिल्लक उद्दिष्टांवरच खर्च करावी लागते. आम्ही हा मार्ग घेतला. पगार घ्यायचा, तो रीतसर घ्यायचा, पण मालकी हक्काने नफा उचलायचा नाही. वर्षाचा ताळेबंद आम्ही ग्राहकांच्या बैठकीत वाचून दाखवतो. ज्याला ताळेबंद वाचता येत नाही, त्याला त्या बैठकीत तो वाचायला शिकवतो. तिसऱ्या वर्षीही माणूस प्रत्येक कागदासाठी आमच्याकडेच येत असेल, तर आम्ही त्याला साहाय्य केले असे मी मानत नाही. गावात वाचता येणाऱ्या एकाच माणसाने बाकीच्यांवर जी सत्ता गाजवली, तीच आपण पुन्हा उभी करायची काय?

आणखी एक गोष्ट आहे, जी बोलायला लोक कचरतात. अनुसूचित जातीचा उद्योग ठरण्यासाठी भागीदारीत वा कंपनीत किमान ५१ टक्के हिस्सा त्या समाजाच्या व्यक्तींचा असावा लागतो. मग पैसेवाले लोक आमच्याकडे येतात. नाव तुमच्या माणसाचे, भांडवल आणि कारभार आमचा, त्याला महिन्याला काही रक्कम, आणि तुमची फी तुम्ही म्हणाल ती. अशा फायली सर्वांत जास्त पैसे देणाऱ्या असतात. त्या आम्ही घेत नाही. कारण केवळ नैतिक नाही. ज्याचे नाव वापरले जाते, त्याच्या सहीवर कर्ज असते, कर असतो, दंड असतो. धंदा बुडाला की पैसेवाला निघून जातो आणि नोटीस वस्तीतल्या घरावर लागते. शिवाय आकड्यांत दलित उद्योग वाढलेला दिसतो आणि वस्तीत काहीच आलेले नसते. म्हणून नवी फाइल घेताना आम्ही मालकाला एकट्याला बसवून विचारतो: बँकेच्या चेकवर सही कोण करतो, माल कोणाकडून येतो, दर कोण ठरवतो? दोन-चार प्रश्नांत खरे काय ते कळते. या नकारामुळे आमचे उत्पन्न कमी राहिले आहे, पण हा नकार सोडला तर कचेरीसमोरच्या दुकानात आणि आमच्यात फरक उरणार नाही.

कार्यकर्त्या मित्रांचा एक आक्षेप मला नेहमी ऐकावा लागतो. मूठभर दलित मालक तयार करून जातिअंत कसा होणार? उद्या हेच मालक आपल्याच मजुरांना पिळतील. हा आक्षेप मी धुडकावून लावत नाही. एकटा उद्योग जातिव्यवस्था मोडील असे मी कोठेही म्हटलेले नाही. परंतु मालक आपला झाला म्हणजे मजूर आपोआप सुखी झाला, असेही मी मानत नाही. म्हणून ज्या उद्योगाची कागदपत्रे आम्ही करतो, त्याचे मजुरीचे रजिस्टरही आम्हीच तपासतो. किमान वेतन आणि भविष्यनिर्वाह निधी देणे कायद्याने लागू असताना मालक ते चुकवीत असेल, तर त्याची पुढची निविदा आम्ही भरत नाही.

मालकी एकाचीच असली पाहिजे असेही नाही. पुण्यात कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना १९९३ साली उभी राहिली. तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था निघाली आणि २००८ साली तिने पुणे महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम हाती घेतले. या कामात बहुसंख्य स्त्रिया आहेत, आणि त्यातही दलित स्त्रिया अधिक. शतकानुशतके जे काम जातीने अंगावर लादले, त्याच कामाचा दर ठरवून, करारावर सही करून त्या स्त्रिया महापालिकेसमोर बसल्या. करार लिहिणे, हिशेब ठेवणे यासाठी शिकलेली माणसे त्यांच्या मदतीला आहेत, परंतु मालकी कचरावेचकांची राहिली. साहाय्य करणाऱ्याची जागा कोणती असावी, याचा हा वस्तुपाठ आहे.

अशा संस्था प्रत्येक जिल्ह्यात निघाव्यात असे मला वाटते, आणि त्यासाठी फार भांडवल लागत नाही. वाणिज्य शाखेचे दोन पदवीधर, एक निवृत्त बँक कर्मचारी, एक संगणक आणि विहाराची वा समाजमंदिराची एक खोली एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. प्राध्यापकांनी आपल्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना एक खरी निविदा वर्गात सोडवायला द्यावी. कार्यकर्त्यांनी आपल्या जिल्ह्यातील केंद्रीय उपक्रमांना माहितीच्या अधिकाराखाली एवढेच विचारावे: मागील वर्षी तुमच्या खरेदीपैकी किती टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांकडून झाली? उत्तर हाती आले की कोणत्या वस्तू ते विकत घेतात आणि त्या आपल्या वस्तीत कोण बनवू शकतो, याची यादी करता येईल. ती यादी घेऊन जे येतील, त्यांच्यासाठी आमच्या कचेरीचा दरवाजा उघडा आहे, आणि पहिल्या बैठकीची फी आम्ही घेत नाही.