धान होतं, पोतं नव्हतं

गोंदियाला खेटून असलेल्या कुडव्यात आता धानाच्या बांध्यांपेक्षा प्लॉटच जास्त डोळ्यांत भरतात. तरी इथली चूल धानावरच पेटते. साथीचा विषय निघाला की बोलणं 2020 च्या कोरोनावर येऊन थांबतं. मला मात्र आणखी शंभर वर्षं मागे जावंसं वाटतं.

1918 साली हा मुलूख मध्य प्रांतातल्या भंडारा जिल्ह्यात होता. त्या वर्षी पावसाने दगा दिला आणि पावसाळा सरता सरता इन्फ्लुएंझाची दुसरी, जीवघेणी लाट आली. मध्य प्रांत-वऱ्हाड हा देशात सर्वाधिक होरपळलेल्या प्रांतांपैकी एक. या लाटेची वेळ बघा: हलक्या धानाची कापणी आणि रब्बीची पेरणी याच दिवसांत. मेले त्यांत ऐन 20 ते 40 वयाचे जास्त, म्हणजे विळा-नांगर धरणारेच. पावसाच्या दग्यातून वाचलेलं पीक कापायलाही हात उरले नाहीत. उपासाने किती गेले आणि तापाने किती, हे वेगळं काढायचं कसं?

2020 चं उलटं. देशाची गोदामं भरलेली होती. 25 मार्चला टाळेबंदी लागली. शेतीकामाला 27 तारखेलाच सूट मिळाली, पण कागदावरची सूट नाक्यावरच्या दांडक्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. उन्हाळी धान बांधीत, मोहफूल घरात, बाजार बंद. तेलंगणात मिरची तोडायला गेलेले पूर्व विदर्भातले मजूर पायी परतत होते. एप्रिलपासून रेशनवर माणशी 5 किलो जादा धान्य फुकट मिळू लागलं आणि भाताची सोय झाली. तेल, तिखट, भाजीला मात्र रोजी लागते, आणि तीच बुडाली होती.

खरिपात धान पिकलं. साधारण धानाचा त्या वर्षीचा हमीभाव होता क्विंटलला 1868 रुपये. पण टाळेबंदीत बंगालच्या जूट मिल थंडावल्याने बारदान्याची, म्हणजे पोत्यांची टंचाई झाली आणि धानाची खरेदी अडली. साथ इथल्या धानाला शिवलीही नाही. हजार किलोमीटरवरच्या पोत्याला शिवली, तेवढं पुरलं. म्हणून पुढच्या साथीची तयारी करताना नुसती कोठारं मोजून भागणार नाही, असं माझं मत.

त्या वर्षीच्या फुकट धान्याची मुदत पुढे वाढत गेली. 2023 पासून त्याऐवजी नेहमीचं रेशनच मोफत झालं. बुडालेल्या रोजीपोटी मात्र केंद्राकडून थेट हातात आले ते महिन्याला 500 रुपये. तेही 3 महिने, आणि ज्या बाईचं जनधन खातं होतं तिलाच.