सुट्टी संपता संपता

उन्हाळ्याची सुट्टी कधी लागणार, हे प्रत्येक मुलाला पाठ असते. ती कधी संपणार, हे मात्र घरातल्या मोठ्या माणसांनाच लक्षात ठेवावे लागते. मुलांनो, सुट्टीचे शेवटचे पंधरा दिवस कसे जातात, याकडे तुम्ही कधी नीट पाहिले आहे काय?

मी भिवंडीत उर्दू माध्यमाच्या एका शाळेत शिकवते. आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुक्यात आहे. दरवर्षी मे महिन्यात आम्ही गावी जातो. माझा मुलगा, मुलगी, त्यांचे अब्बा आणि मी. गावी दादी, मोठे चाचा, चाची आणि त्यांची मुले आहेत. २०२५ सालची सुट्टी आमच्या घरात कोणीही विसरणार नाही. त्या वर्षी पाऊस आमच्या आधी तयार होऊन आला.

एकदा वर्गात एका मुलाने मला विचारले होते, "मॅडम, आपली शाळा जूनमध्येच का सुरू होते? इंग्रजी शाळेतल्या माझ्या मामेभावाची तर एप्रिलमध्येच सुरू होते." प्रश्न चांगला होता. केंद्रीय मंडळाच्या शाळांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते आणि मग मध्येच त्यांना उन्हाळ्याची सुट्टी मिळते. आपल्या राज्य मंडळाच्या शाळांचे वर्ष उन्हाळा संपवून, पावसाबरोबर सुरू होते. मे महिन्यात ऊन कडक असते. अनेक गावांत विहिरी आटतात आणि पाण्यासाठी लांब जावे लागते. अशा दिवसांत पत्र्याच्या छपराखाली वर्ग भरवणे कठीण असते. विदर्भात तर जूनच्या मध्यापर्यंत ऊन ओसरत नाही. म्हणून २०२५ मध्ये राज्यातल्या शाळा १६ जूनला उघडल्या, पण विदर्भातल्या २३ जूनला.

आमच्या घरात सुट्टीचा शेवट तीन दिनदर्शिका पाहून ठरवावा लागतो. एक शाळेची. दुसरी पावसाची. ती सूर्यावर चालते. कोकणातला शेतकरी, मग तो कोणत्याही धर्माचा असो, २५ मेच्या सुमारास रोहिणी नक्षत्र लागले की भाताच्या पेरणीचा विचार करू लागतो आणि ७ किंवा ८ जूनला मृग नक्षत्र लागले की पावसाची वाट पाहतो. तिसरी आपली हिजरी दिनदर्शिका. ती चंद्रावर चालते. चंद्राचे वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे असते. म्हणून आपले सण इंग्रजी तारखेच्या हिशेबाने दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतात. बकरी ईद २०२३ मध्ये २९ जूनला होती. तेव्हा शाळा सुरू झालेली होती. २०२४ मध्ये ती १७ जूनला आली. २०२५ मध्ये ७ जूनला, म्हणजे ऐन सुट्टीत. आम्ही ठरवले की जूनच्या पहिल्या आठवड्यात भिवंडीला परतायचे, ईद तिथे करायची आणि मग शाळेची तयारी. हिशेब अगदी बरोबर होता. पावसाने तो मोडला.

मोसमी पाऊस साधारणपणे १ जूनला केरळात येतो आणि ११ जूनच्या सुमारास मुंबईत पोहोचतो. २०२५ मध्ये तो २४ मे रोजी केरळात आला, २५ मे रोजी दक्षिण कोकणात शिरला आणि २६ मे रोजी मुंबईत दाखल झाला. सोळा दिवस आधी! कोकणात मेचा शेवटचा पंधरवडा हा बेगमीचा काळ असतो. बेगमी म्हणजे पुढच्या काही महिन्यांसाठी घरात करून ठेवलेला साठा. या दिवसांत घर शाकारतात, म्हणजे छपराची कौले काढून, फुटकी बदलून, पुन्हा नीट बसवतात. लाकूडफाटा पडवीत रचतात. सुके बोंबील आणि सुकट डब्यांत भरतात. तांदळाचे पापड वाळवतात. दादींचे सगळ्यांत मोठे काम आमसुलांचे. रातांबा हे लाल रंगाचे आंबट फळ. ते फोडून बिया काढतात, साली उन्हात वाळवतात, मग त्याच फळाच्या रसात बुडवून पुन्हा वाळवतात. असे पाच-सहा वेळा करावे लागते. तेव्हा आमसूल काळे आणि मऊ होते. दादींचे आमसूल तिसऱ्या वेळी उन्हात पडले होते, आणि आभाळ भरून आले.

त्या दिवशी सगळे घर धावले. माझा मुलगा एरवी उठून पाण्याचा पेला घेत नाही. तोही चटया उचलत होता. अर्धी आमसुले वाचली, अर्ध्यांना बुरशी आली. लाकडे भिजली. छपराच्या मागच्या बाजूची कौले अजून बदलायची होती. त्या रात्री आम्ही घरात चार ठिकाणी पातेली ठेवली. मुलांना मोठी मौज वाटली. मोठ्यांना वाटली नाही.

पण त्या सुट्टीत आमसुलांपेक्षाही मोठी गोष्ट अडली होती. माझी पुतणी, म्हणजे मोठ्या चाचांची मुलगी, सातवी पास झाली होती. गावातली जिल्हा परिषदेची उर्दू शाळा सातवीपर्यंतच आहे. आठवीसाठी तालुक्याच्या गावी अनुदानित हायस्कूलमध्ये जावे लागते. भाई, म्हणजे तिचे अब्बा, तिला पाठवायला तयार नव्हते. त्यांना शिक्षणाचा राग नाही. ते स्वतः दहावीपर्यंत शिकले आहेत. त्यांची भीती वेगळी होती. आमच्या घरापासून एस.टी.च्या थांब्याकडे जाताना एक पऱ्या लागतो. पऱ्या म्हणजे डोंगरातून येणारा लहान ओढा. मेमध्ये तो कोरडा असतो. पावसात त्यावरच्या साकवावरून पाणी जाते. त्या वर्षी तो मेमध्येच भरून वाहू लागला. भाईंनी बोट दाखवून म्हटले, "पाहा. आत्ता ही दशा आहे. जुलैमध्ये हिला मी कोणाच्या भरवशावर पाठवू?"

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. पाणी खरेच होते.

पावसाची उघडीप मिळताच मी पुतणीला घेऊन तालुक्याच्या हायस्कूलमध्ये गेले. निदान चौकशी तरी करावी, असे वाटले. तेथील कार्यालयात सांगण्यात आले, "आधी शाळा सोडल्याचा दाखला आणा. दाखल्याशिवाय नाव लिहिता येणार नाही." गावातल्या शाळेला कुलूप, मुख्याध्यापक सुट्टीवर. दाखला शाळा उघडल्यावरच मिळणार. तोपर्यंत जागा भरल्या तर?

मुलांनो, येथे मी तुम्हांला एक उपयोगाची गोष्ट सांगते, कारण तुमच्यापैकी अनेकांच्या धाकट्या भावंडांवर अशी वेळ येऊ शकते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम हा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तो ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलांसाठी, पहिली ते आठवीपर्यंत आहे. त्याचे पाचवे कलम सांगते की ज्या शाळेत आठवीपर्यंतचे शिक्षण पूर्ण होण्याची सोय नाही, तेथील मुलाला शासकीय, स्थानिक संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत बदली मागण्याचा हक्क आहे. जुन्या शाळेच्या प्रमुखाने दाखला ताबडतोब द्यायचा असतो. आणि दाखल्याला उशीर झाला, एवढ्या कारणावरून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही किंवा लांबवूही शकत नाही. हे मी नम्रपणे सांगितले. भांडले नाही. तेथील एका वयस्क शिक्षकांनी कलम माहीत असल्याचे मान्य केले आणि पुतणीचे नाव लिहून घेतले. दाखला नंतर द्यायचा ठरले. नववीच्या प्रवेशाला मात्र या कलमाचा आधार मिळत नाही. तेव्हा दाखला वेळेवर घ्यावा हेच बरे.

नाव लागले, पण पऱ्या तसाच होता. मार्ग दादींनी काढला. त्या म्हणाल्या, "मशिदीच्या बाजूने जुनी वाट आहे. तिकडे सिमेंटचा पूल आहे. लांब पडते, पण पाय भिजत नाहीत. खालच्या मोहल्ल्यातल्या दोन मुली त्याच वाटेने जातात." भाई त्या वाटेने स्वतः चालून आले. घड्याळ लावून गेले होते. नेहमीच्या वाटेला बारा मिनिटे लागतात, या वाटेला सत्तावीस. एस.टी. सकाळी साडेसहाला येते. म्हणजे मुलीने सहाच्या आधी घर सोडायला हवे. ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी एवढेच विचारले, "पासाला किती पैसे पडतात?" पैसे पडत नाहीत. अहिल्याबाई होळकर योजनेत गावाकडच्या मुलींना शाळेसाठी बारावीपर्यंत एस.टी.चा पास मोफत मिळतो. त्या वर्षी तर पास शाळेतच नेऊन देण्याची मोहीम एस.टी.ने घेतली होती.

जूनच्या सुरुवातीला पाऊस अचानक थांबला. दादींनी उरलेली आमसुले पुन्हा उन्हात टाकली. आम्ही निघालो तेव्हा त्यांनी एक पिशवी बांधून दिली आणि म्हणाल्या, "ही चार वेळाच बुडवलेली आहेत. आंबट कमी लागतील."

भिवंडीत ईद झाली आणि मग राहिले नऊ दिवस. आमच्या गल्लीतली निम्मी घरे तेव्हा बंद होती. यंत्रमागावर काम करणारी अनेक कुटुंबे उत्तर प्रदेशात आणि बिहारमध्ये आपल्या मुलुखाला जातात. त्यांची मुले कधी जुलैमध्ये परततात. आळस हे त्याचे कारण नसते. परतीचे तिकीट मिळत नाही. रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होते. म्हणजे १४ जूनला गाडीत बसायचे असेल तर तिकीट १५ एप्रिलला काढायला हवे. तेव्हा तर परीक्षा चालू असतात. अब्बांना या तारखेची आठवण तुम्हीच करून द्या.

माझा मुलगा नववीत जाणार होता, मुलगी पहिलीत. पहिली ते आठवीच्या मुलांना शासकीय आणि अनुदानित शाळांत पाठ्यपुस्तके मोफत मिळतात, ती शाळेतच. नववीची विकत घ्यावी लागतात. जुनी पुस्तके चालतात, पण आधी अभ्यासक्रम बदलला आहे का ते पाहावे. मुलीसाठी मी शेजारच्या मुलाची आदल्या वर्षीची पहिलीची पुस्तके जपून ठेवली होती. २०२५ पासून पहिलीचा अभ्यासक्रमच बदलला. शिक्षिका असूनही मी फसले. आता मुलगी त्या पुस्तकांतली चित्रे रंगवते.

पुस्तकांना कव्हर घालताना मुलाने वेगळीच गंमत केली. आपल्या दप्तरात दोन प्रकारची पुस्तके असतात. उर्दूतली पुस्तके उजवीकडून उघडतात, मराठी आणि इंग्रजीची डावीकडून. त्याने सगळ्या पुस्तकांची थप्पी एकाच बाजूने लावली, खाकी कागद घातला आणि नावाच्या चिठ्ठ्या भराभर चिकटवल्या. मराठीच्या आणि इंग्रजीच्या पुस्तकांवर नाव मागच्या बाजूला गेले! पुस्तक वाचायला घेतो तसे हातात धरावे आणि मगच चिठ्ठी लावावी. कव्हरचीही एक युक्ती आहे. कागद चारही बाजूंनी चार बोटे जास्त ठेवावा. पाठीच्या ठिकाणी वर आणि खाली छोटी खाच कापावी. शेवटची घडी पुस्तक मिटून घालावी. उघड्या पुस्तकावर कागद ताणून घातला तर ते मिटताना पाठीकडे फाटतो.

दप्तर भरल्यावर मी ते वाण्याच्या काट्यावर ठेवले. केंद्र सरकारच्या २०२० च्या धोरणानुसार दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त नसावे. मुलगा ४२ किलोचा. दप्तर भरले साडेसहा किलो. वाणी हसला. आम्ही तिथेच, दुकानाच्या पायरीवर, वेळापत्रक पाहून अर्धी पुस्तके बाहेर काढली.

१६ जूनला संध्याकाळी गावाहून फोन आला. पुतणी घाईघाईने बोलत होती, "चाची, बस वीस मिनिटं उशिरा आली. पुस्तकं सगळी मिळाली, फक्त मराठीचं राहिलं, ते उद्या देणार आहेत. आणि सकाळी अब्बा पुलापर्यंत आले होते. मी नको म्हटलं तरी आले. उद्याही येणार म्हणतात."