स्वतःच्या सर्व्हरवरची मराठी वर्डप्रेस साइट: डेटाबेस, पत्ते आणि प्लगइन

या टिपणात वर्डप्रेस कसे बसवायचे ते येणार नाही. साइट बसलेली आहे, तीत पन्नासेक मराठी लेख किंवा व्याख्यानांच्या नोट्स आहेत आणि आता ती नीट चालवायची आहे, असे धरून चालू. एचटीएमएल आणि थोडे एसक्यूएल येत असले तर पुरे.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. तुमचा लेख फाइलमध्ये नसतो. तो मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी डेटाबेसच्या 'पोस्ट्स' टेबलात एक ओळ म्हणून राहतो. चित्रे आणि पीडीएफ 'अपलोड्स' फोल्डरमध्ये असतात. थीम आणि प्लगइन हा निव्वळ कोड. वर्डप्रेस आणि प्लगइन पुन्हा उतरवून घेता येतात. लेख मात्र दुसरीकडे कुठेच मिळणार नाहीत. म्हणून बाकी सुधारणांच्या आधी बॅकअप.

बॅकअप आणि मराठी अक्षरे

बॅकअपचे प्लगइन टाकून रात्री दोनची वेळ दिली की काम झाले, असे अनेकांना वाटते. पण वर्डप्रेसचे वेळापत्रक, म्हणजे डब्ल्यूपी-क्रॉन, घड्याळावर चालत नाही. कोणी पान उघडले की वर्डप्रेस पाहते, एखादे काम करायचे राहिले आहे का. असेल तर तेव्हा ते सुरू करते. रात्रभर कोणी फिरकले नाही, किंवा कॅशने वर्डप्रेसला न विचारताच पान देऊन टाकले, तर दोनचे काम तसेच पडून राहते. गर्दीच्या साइटला हे कधी जाणवत नाही. आपल्यासारख्या छोट्या साइटला जाणवते. उपाय सोपा आहे: कॉन्फिग फाइलमध्ये डब्ल्यूपी-क्रॉन बंद करणारा स्थिरांक लिहा आणि सर्व्हरच्या क्रॉनटॅबमधून दर पंधरा मिनिटांनी तेच काम चालवा. प्रत त्याच सर्व्हरवर ठेवू नका. डिस्क गेली तर दोन्ही जातील.

आता प्रत खरी आहे का ते तपासा. लॅपटॉपवर झॅम्प किंवा तत्सम काही बसवून डेटाबेस तिथे भरा आणि एक जुना लेख वाचा. मराठी साइट इथेच अडखळते, आणि बिघाड दोन प्रकारचा असतो.

पहिल्या प्रकारात प्रत्येक देवनागरी अक्षराच्या जागी तीन-तीन विचित्र चिन्हे दिसतात, आणि त्यांत डोक्यावर तिरकी रेघ असलेला लॅटिन 'ए' सारखा येतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे असते. ते तीन बाइट कोणीतरी लॅटिन-१ समजून सुटे वाचले, एवढाच याचा अर्थ. बाइट शाबूत आहेत. तो रकाना आधी बायनरी प्रकारात आणि मग यूटीएफ-८ मध्ये बदलला की बहुतेक वेळा मजकूर परत येतो.

दुसऱ्या प्रकारात सगळीकडे प्रश्नचिन्हे दिसतात: ?????. पडद्यावर हे पहिल्यापेक्षा नीटनेटके दिसते, पण खरे नुकसान हेच. अक्षर साठवता आले नाही म्हणून कोणत्यातरी टप्प्यावर त्याच्या जागी प्रश्नचिन्ह लिहिले गेले, आणि मूळ बाइट गेले. त्या प्रतीतून ते परत आणता येत नाहीत. म्हणून होस्ट बदलताना निर्यात केलेली फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा, तुमच्या एखाद्या लेखातला शब्द तीत शोधा, आणि तो सापडल्याशिवाय जुना सर्व्हर बंद करू नका.

(मायएसक्यूएलचा जुना 'यूटीएफ-८' तीन बाइटपर्यंतच जातो. देवनागरी त्यात मावते, चार बाइटची इमोजी मावत नाही. २०१५ मध्ये आलेल्या ४.२ आवृत्तीपासून वर्डप्रेस चार बाइटवाला प्रकार वापरते. त्याआधीची साइट असेल तर टेबले एकदा तपासा.)

लेखाचा पत्ता

वर्डप्रेस शीर्षकावरून पत्ता तयार करते. मराठी शीर्षकाचा पत्ता मराठीच दिसतो, पण डेटाबेसमध्ये तो सांकेतिक रूपात जातो: प्रत्येक बाइटसाठी टक्क्याचे चिन्ह आणि दोन अंक-अक्षरे. म्हणजे एका देवनागरी चिन्हाला ३ × ३ = ९ जागा. या रकान्याची मर्यादा २०० आहे. २०० भागिले ९, म्हणजे जेमतेम २२ चिन्हे. काना, मात्रा, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात.

समजा, शीर्षक आहे 'डेटाबेसमधील निर्देशिका कशी काम करते'. 'डेटाबेसमधील' ची ११ चिन्हे म्हणजे ९९ जागा. मोकळ्या जागेऐवजी येणारी आडवी रेघ धरून १००. 'निर्देशिका' ची १० चिन्हे म्हणजे ९०, पुढची रेघ धरून १९१. उरल्या ९ जागा, त्यात फक्त 'क' बसतो. पत्ता होतो 'डेटाबेसमधील-निर्देशिका-क'. आता 'डेटाबेसमधील निर्देशिका का हवी' हा दुसरा लेख लिहा. तोही तिथेच तुटतो, आणि दोन पत्ते सारखे नकोत म्हणून वर्डप्रेस त्याच्या शेवटी २ चिकटवते. विद्यार्थ्याला पत्त्यावरून दोन लेखांतला फरक कळणार नाही.

शिवाय हा पत्ता कॉपी करून मेलमध्ये टाकला की बऱ्याच ठिकाणी तीन-चार ओळींची टक्केमाळ दिसते. म्हणून प्रकाशित करण्याआधी पत्ता हाताने लिहा. दोन-तीन मराठी शब्दांचा छोटा पत्ता उत्तम. रोमन लिपीतला हवा असेल तर तोही चालेल, पण सगळीकडे एकच पद्धत ठेवा. प्रकाशित लेखाचा पत्ता बदललात तर वर्डप्रेस जुना पत्ता लक्षात ठेवून वाचकाला नव्यावर पाठवते. तेवढ्यासाठी प्लगइन नको.

प्लगइन

प्लगइन म्हणजे अ‍ॅप नव्हे. मोबाइलमधल्या अ‍ॅपला निदान परवानग्या मागाव्या लागतात. वर्डप्रेसचे प्लगइन तुमच्या साइटच्या पूर्ण अधिकारांनी चालते. ते डेटाबेसमधला कोणताही लेख वाचू, बदलू, पुसू शकते. एवढा विश्वास आपण चांदण्या पाहून टाकतो.

२०१७ चे उदाहरण घ्या. 'डिस्प्ले विजेट्स' हे दोन लाखांहून अधिक साइटवरचे साधे, उपयोगी प्लगइन विकले गेले. नव्या मालकाच्या आवृत्त्यांत साइटवर जाहिरातींची पाने घुसवणारा कोड होता, आणि लॉगिन केलेल्या माणसाला ती पाने दिसत नसत. म्हणजे साइटचा मालक सोडून सगळ्यांना दिसत! अखेर ते अधिकृत संग्रहातून काढले गेले. म्हणून आपली साइट अधूनमधून लॉगिन न करता पाहत जा.

२०२० मध्ये 'फाइल मॅनेजर' या सुमारे सात लाख साइटवरच्या प्लगइनमधली एक फाइल लॉगिनशिवाय कोणालाही सर्व्हरवर फाइल चढवू देत होती. ती थेट पत्त्यावरून चालत असे, त्यामुळे प्लगइन नुसते निष्क्रिय करून भागत नव्हते. न वापरलेले प्लगइन पुसूनच टाकायचे, ते यासाठी.

आणखी एक खर्च नंतर कळतो. पाने रचणारी काही प्लगइन लेखात चौकटी कंसांतले स्वतःचे संकेत पेरतात. प्लगइन काढले की ते कंस लेखात उघडे पडतात. पन्नास लेख हाताने साफ करण्याची तयारी असेल तरच ती घ्या. माझा कल सरळ आहे: जे वर्डप्रेस स्वतः करते त्यासाठी प्लगइन नको. साइटमॅप आणि चित्रे गरजेनुसार उतरवणे या दोन्ही गोष्टी ५.५ आवृत्तीपासून, म्हणजे ऑगस्ट २०२० पासून, मूळ वर्डप्रेसमध्येच आहेत. प्लगइनचे आपोआप अद्ययावत होणेही तेव्हापासूनच एका क्लिकवर आले.

वेग

मी हे जयपूरच्या सी-स्कीममध्ये बसून लिहितो आहे. इथून मुंबई सरळ रेषेत सुमारे ९०० किलोमीटर, अमेरिकेचा पूर्व किनारा सुमारे १२,००० किलोमीटर. काचतंतूत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन मुंबईला ९ मिलिसेकंद, अमेरिकेला १२०. सुरक्षित जोडणी जुळून पानाचा पहिला बाइट येईपर्यंत अशा किमान तीन फेऱ्या होतात. २७ विरुद्ध ३६०, आणि हा आदर्श हिशेब. प्रत्यक्षात केबल सरळ जात नाही. कोणतेही वेगवर्धक प्लगइन हे अंतर कमी करत नाही. वाचक भारतात असतील तर सर्व्हर भारतात घ्या, किंवा पानांच्या प्रती जवळ ठेवणारी सीडीएन सेवा लावा.

दुसरे ओझे फाँटचे. देवनागरी फाँटमध्ये जोडाक्षरांचे वेगळे आकार असतात, म्हणून फाइल मोठी होते. एक टाइपच्या 'मुक्ता'सारख्या फाँटच्या सात जाडी असतात. त्यांतल्या साधी आणि ठळक या दोनच पुरतात. फाइल आणखी छाटणारी ऑनलाइन साधने आहेत, पण काही साधने फक्त मूळ अक्षरे ठेवतात आणि जोडाक्षरांचे आकार व नियम फेकून देतात. छाटल्यावर एका पानावर 'क्षेत्र, ज्ञान, दुसऱ्या, विद्यार्थी' एवढे टाइप करून पाहा. कुठेही हलन्ताचा पाय उघडा दिसला, तर मूळ फाइल परत लावा.